इंजिनापासून लांब

९ जानेवारी, गुरुवार

धाकटी एकदाची हो म्हणाली. हुश्श!

सकाळी भाचीचा फोन होता. "मावशी, आईला घेऊन कुठेतरी जा ना गं. मी एवढ्या लांबून रोज विचारते, जेवलीस का, झोपलीस का. ती रोज हो म्हणते. पण तिचं ते 'हो' मला पटत नाही." मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, समुद्रसफरीला नेते. आठवडाभर एकच खोली, बॅग एकदाच उघडायची आणि गावं आपणहून आपल्या दाराशी येणार. आमच्या वयाला याहून सोयीचं काय असणार?

दुपारी धाकटीकडे गेले. तिने आधी नेहमीची कारणं पुढे केली. झाडांना पाणी कोण घालेल, घर बंद कसं ठेवायचं, बोट लागली तर? "लागली तर मी आहे," म्हटलं. शेवटी म्हणाली, "तू म्हणतेस तर जाऊ या, ताई."

चेहरा अगदी ओढलेला आहे तिचा. डोळ्यांखाली काळं. गेल्या पावसाळ्यात नवरा गेला तेव्हापासून ती अशीच दिसते. बिचारी! लग्न झाल्यापासून छापखान्याच्या डोक्यावर संसार केला तिने. खाली मशीन, वर स्वयंपाकघर. मेहुणे औषधांची लेबलं छापायचे, शाळांच्या प्रश्नपत्रिका छापायचे, दुकानांची बिलबुकं छापायचे, आणि दिवसभर ते खटाक-धप्प, खटाक-धप्प. कपाटातल्या बश्या थरथरायच्या. मला तर तिथे कधी दुपारची पाठसुद्धा टेकता आली नाही. आता मशीन विकलं गेलं, तरी त्या घरात तिच्या मनाला स्वस्थता कुठून मिळणार? तिला एकदा खरीखुरी शांतता मिळायला हवी. ती मी मिळवून देणार. तेवढं मला जमतं.

११ जानेवारी, शनिवार

जहाजाचा नकाशा मागवला. बुकिंगवाली मुलगी फोनवर म्हणाली, "मॅडम, सगळ्याच केबिन छान आहेत." सगळ्याच छान असत्या तर नकाशा कशाला छापला असता?

उभी हयात आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग काढण्यात गेली माझी. खोली कशी आहे हे खोलीवरून कळत नाही, शेजारपाजारावरून कळतं. वर काय, खाली काय, भिंतीपलीकडे काय. म्हणून सगळे मजले जेवणाच्या टेबलावर पसरून बसले. इथे त्यांना डेक म्हणतात. पोहण्याच्या तलावाखालच्या खोल्या आधी बाद केल्या. उजाडायच्या आत वर खुर्च्या सरकवायला लागत असतील. नाचघराच्या वरच्या बाद. लिफ्टला लागून असलेल्या बाद. दोन खोल्यांमध्ये आतून दार असेल तर त्याही बाद, कारण त्या दारातून शेजाऱ्याचा खोकलासुद्धा आपल्याकडे मुक्कामाला येतो. जहाजाच्या नाकाशी नांगराचा खडखडाट, शेपटाशी इंजिन आणि पंखे. मग उरलं मधलं पोट. त्यातही खालच्या काही डेकांसमोर लाइफबोटी टांगलेल्या. बाल्कनीत उभं राहावं आणि समोर समुद्राऐवजी नारिंगी बोटीचं बूड! म्हणजे त्याही गेल्या.

चहा दोनदा गार झाला. फार दिवसांनी इतकं छान काम हाताला लागलं.

१४ जानेवारी, मंगळवार

आम्ही दोघी बसने बुकिंगच्या ऑफिसात गेलो. धाकटीला पुढची खिडकी धरून दिली तर ती उठून पार मागच्या लांब बाकावर जाऊन बसली. तिथे खाली इंजिन असतं, बाक तापतो, दात वाजतात. पाहते तर मान खाली, तोंड उघडं, गाढ झोपलेली. थांबा आला तरी उठेना. मी हसत म्हटलं, "काय गं, घरी झोपायला जागा नाही का?" तर ओशाळून म्हणाली, "डोळा लागला जरा."

ऑफिसात त्या मुलीसमोर धाकटीने एकच प्रश्न विचारला. "इंजिन कुठे असतं हो?"

मी तिचा हात दाबला. म्हटलं, "घाबरू नकोस. आपली खोली इंजिनापासून सगळ्यात लांब आहे. ते चालू आहे की बंद तेही तुला कळायचं नाही."

"असं?" म्हणाली. मग बराच वेळ नकाशाच्या खालच्या टोकाकडे बघत राहिली. हिला जहाज बुडायची भीती वाटते की काय कोण जाणे.

आठव्या डेकवरची खोली घेतली. वर खोल्या, खाली खोल्या, दोन्ही बाजूंना खोल्या, म्हणजे गादीत गुंडाळलेली. समोर बाल्कनी आणि मोकळा समुद्र. बुकिंगवाली म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या." मी नको म्हटलं, पण घरी येईपर्यंत मनात गुदगुल्या होत होत्या.

२ फेब्रुवारी, रविवार

धाकटी काल माझ्याकडे राहायला आली होती. सफरीची रंगीत तालीम म्हणून मीच बोलावलं. खरं कारण वेगळं आहे, ते इथे लिहायला हरकत नाही. मागची छोटी खोली मी तिच्यासाठी रिकामी केली आहे. ड्रॉइंगचं जुनं टेबल काढून टाकलं, दुहेरी काचेची खिडकी बसवली, जाड पडदे लावले. सफरीहून आलो की तिला म्हणणार आहे, आता इथेच राहा. माझ्यासाठी नाही. मला काय, मला एकटीने राहायची सवय आहे. पण तिला एवढ्या घरात एकटीला कसं करमावं? तिच्या घराखालचा छापखान्याचा गाळा भाड्याने घ्यायला एक हिशेबतपासनीस तयार आहेत. मीच शोधले. अतिशय शांत माणूस, फाइल बंद करतानासुद्धा आवाज होत नाही. त्यांनी गाळा घेतला की वरच्या मजल्याचंही बघता येईल.

सकाळी उठून पाहते तर छोट्या खोलीतला पलंग जसाच्या तसा. धाकटी स्वयंपाकघरात खुर्चीवर, डोकं भिंतीला टेकलेलं, आणि डोक्यावर धूर ओढणारा पंखा घरघर फिरतोय.

"अगं, हा बंद करायचा राहिला का रात्री?"

"राहिला वाटतं."

विसराळू झाली आहे. दुःखाने माणसाचं असं होतं. मी पंखा बंद केला तशी ती दचकून उभी राहिली, जणू मी तिला हाक मारली होती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तिच्याकडच्या फ्रिजचा खडखडाट असह्य झालाय. मी मेकॅनिक घेऊन गेले, तर तिने त्या माणसाला दारातूनच चहा देऊन परत पाठवलं. "राहू दे ताई, चालतोय ना." मी म्हटलं, चालतोय कसला, धावतोय! तिने ऐकलं नाही. लहानपणापासून मऊ, पण एकदा नाही म्हणाली की नाही.

८ मार्च, शनिवार (जहाजावर)

खोली माझ्या कल्पनेपेक्षा सरस! दार लावलं की कान भरल्यासारखे होतात, इतकी शांत. बाल्कनीचा काचेचा दरवाजा सरकवला की मात्र समुद्र सगळाच्या सगळा आत येतो. मी भिंतींवर टकटक करून पाहिलं. चांगलं भरीव काम आहे. खोली सांभाळणारा मुलगा आला, म्हणाला, "या जहाजावरची ही सगळ्यात शांत केबिन आहे." मी धाकटीकडे बघितलं. बघ, म्हटलं, कुणाची बहीण आहेस!

ती बाल्कनीत उभी होती. वाऱ्याने पदर सावरत म्हणाली, "किती सुंदर आहे गं हे." डोळ्यांत पाणी होतं. मलाही भरून आलं. सगळ्या खटाटोपाचं चीज झालं.

१० मार्च, सोमवार

धाकटीचे डोळे लाल झालेत. खारा वारा बाधला असणार. मी तिला बाल्कनीत बसू नको म्हटलं तर लगेच ऐकलं. नाश्त्याला एका टोस्टचे चार तुकडे केले आणि चारही बशीत ठेवून उठली. "फिरून येते जरा," म्हणाली ती जेवणाच्या वेळेलाच उगवली. कालही तसंच. "कुठे होतीस?" "अशीच, जहाज बघत होते." चालणं चांगलंच आहे म्हणा, भूक लागते. दुपारी खरंच व्यवस्थित जेवली.

एकटीने बाल्कनीत बसून समुद्र पाहिला. एक मोठा मासा उडाल्यासारखा वाटला. कुणाला दाखवणार?

११ मार्च, मंगळवार

आज तोंडचं पाणी पळालं माझ्या.

जेवणाची वेळ होऊन गेली तरी धाकटीचा पत्ता नाही. तलावाशी नाही, वाचनालयात नाही, कुठेच नाही. तिचा फोन खोलीतच, उशाशी. एक भलताच विचार मनात आला. तो इथेही लिहवत नाही. कठड्यापाशी जाऊन मी खाली पाण्याकडे बघितलं, एवढंच लिहिते.

धावत स्वागतकक्षात गेले. तिथल्या बाईने मला बसवलं, पाणी दिलं आणि सगळ्या डेकवर फोन फिरवले. थोड्या वेळाने म्हणाली, "सापडल्या. अगदी ठीक आहेत. झोपल्या आहेत."

"झोपल्या? कुठे?"

सगळ्यात खालच्या डेकवर, पार शेपटाकडे, जिथे प्रवाशांच्या खोल्या संपतात आणि कपडे धुण्याच्या मशीनची खोली आहे. मी नकाशावर फुली मारलेली जागा! तिथे जमीनच थरथरत होती. तळपायातून गुडघ्यात चढत होतं ते. धुलाईची मशीनं एका बाजूला, इंजिनाची घरघर खालून, आणि बोळाच्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीवर आमची धाकटी, डोकं लोखंडी भिंतीला टेकवून, लहान पोरीसारखी झोपलेली. भिंत आणि डोक्याच्या मध्ये कुणीतरी टॉवेलची घडी ठेवली होती.

कपडे धुणारी बाई म्हणाली, "रोज येतात या. उठवू नका ना, आत्ताच लागलीय झोप."

मी उठवलं. कान धरून उठवावं तसं. "जीव गेला असता माझा! कळतं का तुला? एवढी खोली घेतली तुझ्यासाठी, आणि तू इथे, या खडखडाटात..."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग इतक्या हळू म्हणाली की मशीनच्या आवाजात मला तिच्या ओठांवरूनच समजलं. "ताई, मला वर झोप येत नाही. शांततेत येतच नाही."

"कधीपासून?"

"तो गेल्यापासून."

मग एकेक गोष्ट पटापट समोर आली. बस. पंखा. फ्रिज. 'इंजिन कुठे असतं हो?' आंधळीसारखी मीच नकाशा वाचत बसले होते.

१२ मार्च, बुधवार

सकाळी पुन्हा स्वागतकक्षात. खाली मागच्या बाजूला एखादी खोली रिकामी आहे का, म्हणून विचारलं. ती बाई म्हणाली, "तिथे आवाज असतो. लोक तिथून वर हलवा म्हणून भांडायला येतात." मी म्हटलं, "आम्हाला आवाजच हवाय." तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग धाकटीकडे, मग काही न विचारता किल्ली काढून दिली. भली बाई.

एकच पलंग मावतो त्या खोलीत. गोल खिडकी, ताटाएवढी, आणि पाणी थेट काचेवर येऊन आपटतं. दृश्य म्हणाल तर शून्य. आत्ता आभाळ, आत्ता हिरवं पाणी, पुन्हा आभाळ. ग्लासातला चमचा आपोआप किणकिणतो.

मी म्हटलं, "एक गादी मागून घेऊ, मी खाली टाकते."

"नको ताई. तू वरच राहा. तुला किती आवडलीय ती खोली. माझ्यापायी तू कशाला जागरण करायचं?"

बरोबरच आहे तिचं. मी माझी बॅग आवरायला काढली होती, ती पुन्हा कपाटात लावली. वर शांतता आहे, समुद्र आहे, दोन पलंग आहेत. खोली सांभाळणाऱ्या मुलाने आज दोन्ही पलंगांवर चादरी बदलल्या. मी सांगायला हवं होतं, एकच वापरात आहे. पण नाही सांगितलं.

१३ मार्च, गुरुवार

धाकटी आज नाश्त्याला आली ती वेगळीच बाई. डोळ्यांखालचं काळं तिथेच आहे, पण डोळे उघडे आहेत. दोन अंडी खाल्ली. समोरच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याच्या टोपीवरून विनोदसुद्धा केला, आणि तो इतका वाईट होता की आम्ही दोघी ठसका लागेपर्यंत हसलो.

दुपारी मी तिच्या खोलीत खाली गेले. बसायला खुर्ची नाही. तिने सरकून जागा दिली आणि आम्ही दोघी त्या अरुंद पलंगावर आडव्या झालो, लहानपणी झोपायचो तशा, एकीचं डोकं इकडे, एकीचं तिकडे. पाठीखालून इंजिन बोलत होतं. मी म्हटलं, "सवय झालीय तुला आवाजाची, एवढंच ना? हळूहळू मोडेल."

तिने चादर गळ्यापर्यंत ओढली. मग तिने सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

"सवय नाही गं ताई. मशीन चालू असलं की मला कळायचं, तो आहे. कागद अडकला तर मशीन थांबायचं आणि मला गाढ झोपेतून जाग यायची. मी वरून ओरडायचे, काय झालं रे? खालून आवाज यायचा, काही नाही, झोप तू. मग खटाक-धप्प पुन्हा सुरू. त्या दिवशी दुपारी मी अशीच आडवी झाले होते. मशीन थांबलं. जाग आली. वाटलं, चहाला येतोय वर. मी विचारलंच नाही गं. उठले आणि चहा टाकला. दोन कप काढले, गाळला, झाकून ठेवला. वाट बघत बसले. तो खाली कागदाच्या गठ्ठ्यावर बसला होता मशीन बंद करून. दुखायला लागलं असेल छातीत. मी वर, चहा झाकून."

मला कुणी हे सांगितलं नव्हतं. दुपारी काम करताना गेले, एवढंच ठाऊक होतं.

"आता कुठेही शांत झालं की मी जागी होते आणि वाट बघते," ती म्हणाली. "खालून कुणी काही बोलेल म्हणून."

तिचे पाय माझ्या खांद्याशी होते, थंडगार. ते छातीशी धरून ठेवले. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, क्षणभरात झालं सगळं, कुणी काही करू शकलं नसतं. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे." पण माहीत असून काय उपयोग?

शेवटी मी माझं घोडं पुढे दामटलंच. नको तिथे, नको तेव्हा. म्हटलं, "म्हणूनच माझ्याकडे ये राहायला. खोली तयार आहे. एकटी नसशील."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "मी बघितली ती खोली, ताई. दुहेरी काच लावलीस माझ्यासाठी. मी नाही राहू शकणार तिथे. रागावू नकोस."

मी रागावले नाही. रागवायचं काय त्यात?

१४ मार्च, शुक्रवार

बाल्कनीत बसले. समुद्र चांगला होता. लिहायला काही नाही.

१६ मार्च, रविवार

घरी. बॅग रिकामी केली, कपडे धुतले. छोट्या खोलीचं दार लावून घेतलं.

भाचीचा फोन आला. म्हणाली, "मावशी, आई किती दिवसांनी तिच्या आवाजात बोलली गं! काय जादू केलीस?" मी म्हटलं, "मी काही नाही केलं. मी तर उलटंच करायला निघाले होते." तिला वाटलं मी विनय दाखवतेय.

मग तीच म्हणाली, "आणि मावशी, तुझं काय? तू मजा केलीस का?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "तुझं पण 'हो' आईसारखंच आहे गं." आगाऊ कार्टी.

२ एप्रिल, बुधवार

हिशेबतपासनिसांना धाकटीने नाही कळवलं. मला न विचारता. गाळा दोन बायकांना द्यायचं ठरवलंय तिने. त्या दप्तरं आणि प्रवासी पिशव्या शिवतात. त्यांच्याकडे जाड कापडाची शिलाईयंत्रं आहेत, मोटारीवर चालणारी, सहा की सात. आधीच्या जागी शेजाऱ्यांनी आवाजाच्या तक्रारी करून करून त्यांना बाहेर काढलं. धाकटीने त्यांना विचारलं म्हणे, "दिवसभर चालतात ना? नक्की?" त्या बायकांनी हात जोडले, म्हणाल्या, "आम्ही खाली रबर घालतो, आवाज कमी करतो." तर ही म्हणते, "रबर नको."

मी फोनवर चांगली झापली. इतका सालस माणूस हातचा घालवलास! हा काय वेडेपणा? ती शांतपणे ऐकत राहिली, मग म्हणाली, "ताई, गाळ्यात यंत्रं कशी मांडायची, वाट कुठून ठेवायची, ते त्यांना जमत नाहीये. तू येऊन बघशील? दोन दिवस राहायला ये."

मी म्हटलं, "तुझ्या घरात मला झोप येत नाही, तुला माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तरी ये."

२५ एप्रिल, शुक्रवार (धाकटीकडे)

काल आले. आज दिवसभर गाळ्यातच होते, टेप आणि खडू घेऊन. त्या दोघी बायका कामाच्या आहेत. एक उंच, बोलकी. दुसरी तिची नणंद, मोजकं बोलणारी, पण शिलाई अशी सरळ की बघत राहावं. यंत्रं भिंतीला लावून मांडली, कापायचं टेबल उजेडाशी घेतलं, माल बाहेर न्यायची वाट मोकळी ठेवली. भिंतीवर अजून मेहुण्यांच्या शाईचे डाग आहेत. उंच बाई रंग लावू या म्हणत होती. धाकटी म्हणाली, "राहू दे थोडे दिवस."

संध्याकाळी सगळी यंत्रं एकदम चालू करून पाहिली. वर कपाटातल्या बश्या वाजल्या. धाकटी जिन्यातच उभी राहिली, कठडा धरून. मी जवळ गेले तर म्हणाली, "काही नाही. तसा नाही गं हा आवाज. वेगळा आहे." मग थोड्या वेळाने, "पण चालेल."

२७ एप्रिल, रविवार

ऑर्डर निकडीची म्हणून बायका आज सुट्टीच्या दिवशीही कामावर आल्या होत्या. जेवण झालं. धाकटी म्हणाली, "पाच मिनिटं पडते." मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाटाणे सोलत बसले. खोलीचं दार उघडंच होतं, ती मला दिसत होती. खाली सगळी यंत्रं सुरू. माझं डोकं ठणकत होतं, खोटं कशाला सांगू. कानात कापूस घालावा असं वाटत होतं. इतक्यात खोलीतून दुसराच आवाज आला. धाकटी घोरत होती! मी हातातली शेंग तशीच धरून ऐकत बसले.

आणि खालची यंत्रं थांबली. सगळी एकदम.

जिन्यात पावलं वाजली. उंच बाई दारात, अपराध्यासारखी. "आजी, आवाज फार होतोय का हो? रविवारचं दुपारचं... तुम्ही पाहुण्या आहात. तासभर बंद ठेवतो, पडा तुम्ही."

मी ओठांवर बोट ठेवलं, हाताने खाली जा, खाली जा म्हणून खुणावलं. "अगं बंद काय करतेस, सुरू कर," कुजबुजले. "लवकर. ती झोपलीय."

तिला काही उमगलं नसणार, पण ती वळली आणि धडाधड जिना उतरली.

तेवढ्यात धाकटी जागी झालीच. उठून बसली नाही, नुसते डोळे उघडले आणि छताकडे बघत ऐकायला लागली. मी वाटाण्यांची ताटली खाली ठेवली, आत जाऊन तिच्या कडेला बसले.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "विचारायला आली होती काहीतरी. झोप तू."

खाली आधी एक यंत्र सुरू झालं, मग दुसरं, मग सगळी. तिने माझा हात उशीखाली ओढून घेतला आणि कूस वळवली. मला उठता येईना. वाटाणे राहिले तसेच.